संपर्क तुटलेले पासष्ट

कात्सुबे सेन्सेई बोलायला उभे राहिले की आधी स्वतःच्या हातांकडे बघत. तळवे वर, मग खाली, मग पुन्हा वर. समोर बसलेल्यांनीही ते एकदा नीट पाहून घ्यावेत, असा एकूण थाट. हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला आपल्या हातांचं कौतुक असायला हरकत नाही. पण नोझू किमिए वॉर्डात नर्स म्हणून लागल्यापासून बावीस वर्षं ते कौतुक बघत आली होती, आणि आता ते तळवे वर झाले की ती खिडकीबाहेर बघायची. बाहेर शिंजी सरोवर होतं, आणि त्याला निदान स्वतःविषयी काही बोलायचं नसे.

नोव्हेंबरातल्या बैठकीत सेन्सेईंनी जाहीर केलं, "मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. निरोपाच्या व्याख्यानाचा विषय ठरलाय. धमनीच्या कलमांची वीस वर्षं."

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरा विषय असणारच नव्हता. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली की तिला वळसा घालून दुसरी वाहिनी कलम म्हणून शिवायची, म्हणजे बायपास. पूर्वी बहुतेक ठिकाणी पायातली शीर काढून लावत, आणि ती आठ-दहा वर्षांत खराब व्हायची. कात्सुबे सेन्सेईंनी पायाला हात लावणंच बंद केलं. एक धमनी छातीच्या आतली, दुसरी मनगटापासून कोपरापर्यंतची, डाव्या हातातली. "धमनीच्या जागी धमनी," एवढं वाक्य त्यांनी इतक्या वेळा इतक्या सभांत म्हटलं होतं, की मात्सुए शहरातले टॅक्सीवालेसुद्धा ते म्हणून दाखवत.

"आपला आकडा काय आहे, नोझू-सान?" सेन्सेईंनी विचारलं. तो त्यांना पाठ होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरा वाटतो.

"शंभरातली एक्याण्णव," किमिए म्हणाली. "हातातून काढून लावलेल्या कलमांपैकी वीस वर्षांनी चालू असलेली."

"एक्याण्णव," सेन्सेई म्हणाले, आणि तळवे वर झाले.

तो आकडा कसा निघाला होता, हे त्या खोलीत फक्त किमिएला ठाऊक होतं, कारण रुग्णांच्या पाठपुराव्याचं काम तिच्याकडे होतं. सुरुवातीच्या वर्षांत हाताची धमनी लावलेले रुग्ण एकशे ऐंशी. त्यातले एकाहत्तर वारल्याची नोंद होती. चव्वेचाळीस दरवर्षी आपल्या पायांनी तपासणीला येत. त्या चव्वेचाळिसांच्या धमन्या तपासल्या, चाळीस चालू निघाल्या, झाला आकडा. उरले पासष्ट. त्यांच्या नावापुढे लिहिलेलं होतं: संपर्क तुटला.

बैठक संपल्यावर किमिए सेन्सेईंच्या मागे गेली. "त्या पासष्ट जणांचं काय करायचं? व्याख्यानाआधी शोधून काढू का?"

"जे येत नाहीत ते बरे असतील म्हणूनच येत नाहीत," सेन्सेई चालता चालता म्हणाले. "ठणठणीत माणूस कशाला येईल रुग्णालयात? उगाच पत्रं पाठवत बसू नका."

मेलेला माणूसही तपासणीला येत नाही, हे किमिएच्या ओठांवर आलं होतं. पण बावीस वर्षांत जे बोलले नाही ते आज एकाएकी कुठून येणार, असं स्वतःलाच हिणवत ती आपल्या खोलीत परतली आणि तिने पासष्ट पाकिटांवर पत्ते घालायला घेतले.

पंधरा दिवसांत उत्तरं येऊ लागली. काही मुलांनी लिहिली होती, काही विधवांनी. एका मुलीने वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रतच जोडली होती, सोबत चिठ्ठीही नाही. कागेयामा नावाच्या एका सुताराच्या बायकोने लिहिलं: "ते शस्त्रक्रियेनंतर पाचव्या वर्षी छातीत दुखून गेले. मी तेव्हाच रुग्णालयात फोन करून कळवलं होतं. त्या वेळी, सेन्सेई ऑपरेशनमध्ये आहेत, नंतर करा, असं सांगण्यात आलं. मी नंतर केला नाही." किमिएने ते पत्र दोनदा वाचलं. त्या वर्षी फोन घेण्याचं काम तिच्याकडेच होतं. तिला तो फोन आठवत नव्हता.

फेब्रुवारीपर्यंत हिशेब लागला. पासष्टपैकी अडतीस वारले होते, त्यातले निम्मे हृदयानेच. सहा खरोखर सापडेनात. एकवीस जिवंत होते, आणि त्यांना कुणी कधी बोलावलंच नव्हतं.

इकडे सेन्सेईंना व्याख्यानासाठी एक जिवंत माणूस हवा होता. म्हणजे तसे चव्वेचाळीस होते, पण त्यांना मंचावर शोभून दिसेल असा हवा होता. त्यांनी इतोहारा योशिझो निवडला. वय चौऱ्याऐंशी, बावीस वर्षांपूर्वी बायपास झालेला, आणि अजून सकाळी होडी घेऊन सरोवरातून शिजिमी शिंपल्या काढणारा. लांब बांबूच्या टोकाला लोखंडी पंजा, तो तळाशी टाकायचा आणि अंगाच्या जोराने ओढायचा. वर्तमानपत्रवाल्यांना असा माणूस फार आवडतो.

आमंत्रण द्यायला किमिए त्यांच्या घरी गेली. घर पाण्यापासून पन्नास पावलांवर. इतोहारांच्या बायकोने, हारुयोने, न विचारता शिजिमीच्या मिसो सूपचा वाडगा समोर ठेवला.

"मंचावर?" इतोहारा म्हणाले. "आणि करायचं काय तिथे? होडी ओढून दाखवू?"

"फक्त दोन शब्द बोलायचे. तब्येत कशी आहे ते."

"त्यांना कशाला सांगायची तब्येत? बावीस वर्षं दर वेळी सांगतोय, अंगठ्याची मागची बाजू बधिर आहे, थंडीत बांबू हातातून निसटतो. दर वेळी म्हणतात, पण हृदय धडधडतंय ना. अहो, धडधडतंय म्हणूनच तर मी बोलतोय. न धडधडणारा कशाला तक्रार करेल?"

"जा की हो," हारुयो म्हणाली. "पेपरात फोटो येईल. दरवर्षी नववर्षाला त्यांना शिंपल्या पाठवता, एकदा त्यांनी हार घातला तर काय बिघडलं?"

"तुला फोटोची हौस असेल तर तू जा. माझा कोट तुला होईल."

शेवटी इतोहारा तयार झाले, पण एका अटीवर. "माझ्या आत काय आहे ते मला दाखवायचं. हातातून काढलं ते कुठे बसवलंय, आणि चालतंय की नाही. आमच्या होडीचं इंजिन उघडलं तर मेकॅनिक मला भाग दाखवतो. तुम्ही माझं उघडलंत आणि मला आजतागायत काही दाखवलं नाहीत."

अट सरळ होती. सेन्सेईंनाही मंचावर दाखवायला ताजं चित्र हवंच होतं, कारण इतोहारांच्या धमन्यांचा शेवटचा स्कॅन नऊ वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हाच्या यंत्राने चित्र धूसर आलं होतं. त्या धूसर चित्रावर "चालू" असा शेरा कुणी मारला होता हे विचारण्याची गरज नव्हती. अक्षर सेन्सेईंचं होतं.

सीटी स्कॅन झाला. चित्र वाचायला डॉक्टर सुदो चिनात्सु बसल्या. चाळिशीच्या आतल्या, तोंडाने फटकळ, आणि त्यामुळे सेन्सेईंच्या मर्जीतून उतरलेल्या.

"या बघा, नोझू-सान," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "छातीतली धमनी. हिला बावीस वर्षं झाली असं कोण म्हणेल? रुंद, गुळगुळीत. हृदयाची पुढची सगळी बाजू हिच्यावर जगतेय. कात्सुबे सेन्सेईंना याचं श्रेय द्यायलाच हवं."

"आणि हातातली?"

सुदोंनी चित्र फिरवलं. उजव्या बाजूला शिवलेली जागा दिसत होती. तिथून निघून एक रेघ जात होती, शिवणाच्या दोऱ्याएवढी, आणि मधेच संपत होती.

"ही. आटली. आजची नाही ही गोष्ट, बहुतेक पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच आटली असणार."

"मग त्या बाजूचं हृदय कशावर चाललंय?"

"त्याच्या स्वतःच्या वाहिनीवर. जुनी फिल्म काढा, दाखवते."

तळघरातून किमिएने शस्त्रक्रियेआधीची फिल्म आणली. सुदोंनी ती दिव्यासमोर धरली आणि उजव्या वाहिनीचा बोटाने माग काढला.

"ही वाहिनी जेमतेम निम्मी अरुंद होती," मग त्या म्हणाल्या. "निम्म्या वाटेतून पुरेसं रक्त जातं. शेजारी नवा रस्ता बांधला तरी रक्त जुन्यानेच जाणार. आणि हाताची धमनी मोठी मानी असते. तिच्यातून रक्त वाहिलं नाही तर ती आक्रसते आणि मिटते. हे तेव्हा लोकांना नीट माहीत नव्हतं असं म्हणा हवं तर. पण पंधरा वर्षांपासून तर माहीत आहे. या माणसाच्या हातातून धमनी काढायची गरजच नव्हती."

"असे आणखी असतील?"

"तुमच्या चव्वेचाळिसांतले चार बंद निघाले ना? त्यांच्या फिल्म काढा. आणि जे गेले त्यांच्याही. तुम्हालाच हौस आहे पत्रांची."

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी चित्र पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "छातीतली धमनी अप्रतिम," ते म्हणाले. "मंचावर हाच भाग दाखवू. एवढा कापून मोठा करा."

"आणि उजवी बाजू?" किमिएने विचारलं.

"सव्वा तासाचं व्याख्यान आहे, नोझू-सान. सगळंच कसं दाखवणार?"

"इतोहारा-साननी दोन्ही दाखवायला सांगितलंय. हातातली खास करून."

"मी सांगतो त्यांना."

आणि त्यांनी सांगितलं. किमिए खोलीत हजर होती. इतोहारा टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसले होते. सेन्सेईंनी पडद्यावर ती रुंद, गुळगुळीत धमनी दाखवली, पेनाच्या टोकाने तिच्यावरून वरपासून खालपर्यंत रेघ ओढली आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे. अजून वीस वर्षं होडी चालवा."

"ही हातातली का?"

"ही तुमची धमनी," सेन्सेई म्हणाले. खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. इतक्या सफाईने तर त्यांनी टाकेही घातले नसतील. इतोहारांनी कमरेतून वाकून आभार मानले. किमिए फाईल छातीशी धरून उभी होती, आणि तोंड उघडण्याऐवजी तिने फाईलचा कोपरा सरळ केला.

इतोहारा औषधांच्या खिडकीपर्यंत पोचले तोवर तिला स्वतःची किळस आली. ती जिना उतरून त्यांच्यामागे गेली, शेजारच्या बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. छातीतली चालू आहे, तिनेच तुम्हाला जगवलंय. हातातली आटली आहे, कित्येक वर्षांपूर्वी. आणि ती काढायला नको होती.

इतोहारांनी डावा हात उलटा करून मनगटापासून कोपरापर्यंतचा पांढरा व्रण पाहिला.

"म्हणजे मी जी शिंपल्यांची खोकी पाठवत होतो, ती निम्मीच लागू होती," ते म्हणाले. मग बाही खाली ओढत, "तुम्ही तेव्हा वॉर्डात होतात ना? बारीक होतात. तुम्हीच म्हणाला होतात, अंगठा महिन्याभरात सुटेल."

"हो. मला तसं सांगायला सांगितलं होतं."

"त्यांनी सांगायला सांगितलं, तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. चांगली साखळी आहे. एकालाही आपण होऊन काही बोलावं असं वाटलं नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर किमिएला सोपं गेलं असतं. "कागेयामाचं काय झालं माहीत आहे का? माझ्या शेजारच्या खाटेवर होता. सुतार."

"वारले. पाचव्या वर्षी. त्यांच्या पत्नीचं पत्र आलंय."

"ते मला ठाऊक आहे, मी त्याच्या अंत्यविधीला गेलो होतो. तुमच्या वहीत काय आहे ते विचारतोय."

किमिएने सांगितलं. इतोहारांनी टोपी डोक्यावर घातली. "व्याख्यान किती तारखेला म्हणालात?"

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. फुलांचे स्टँड दारापर्यंत. ज्यांना सेन्सेईंनी वर्षानुवर्षं सर्वांदेखत फैलावर घेतलं होतं, ते डॉक्टर पुढच्या रांगेत हसतमुख बसले होते. सेन्सेई तासभर बोलले. एक्याण्णवचा आकडा पडद्यावर भिंतीएवढा आला. मग छातीतली ती धमनी आली, एखाद्या नदीच्या नकाशासारखी, आणि मग सेन्सेई म्हणाले, "आणि आता ज्यांच्या छातीत ही धमनी आहे, ते स्वतः."

इतोहारा काळ्या कोटात मंचावर गेले. कोट तीस वर्षांपूर्वीचा असावा, खांद्यांवर ओघळत होता. मायक्रोफोन हातात आल्यावर त्यांनी आधी तो चालू आहे की नाही ते बोटाने वाजवून पाहिलं.

"हे चित्र माझंच आहे," ते म्हणाले. "ही धमनी चांगली चालते. त्याबद्दल सेन्सेईंचे आभार, मनापासून. माझी बायकोही आभार मानते, ती तिकडे बसली आहे. पण माझ्या छातीत दुसरीही एक आहे, हातातून काढलेली. ती आटली. फार पूर्वीच. काढायची गरज नव्हती असं मला कळलंय. ती या चित्रात दिसत नाही, कारण चित्र तिच्या अलीकडे कापलंय."

सभागृहात कुणी खोकलं.

"दुसरं एक. माझ्या शेजारी कागेयामा नावाचा सुतार होता. त्याचीही हातातली काढली होती. तो पाच वर्षांनी मेला. तो या एक्याण्णवात आहे की उरलेल्या नवात आहे, मला समजलं नाही. मी विचारलं तर कळलं, दोन्हींत नाही. त्याचा संपर्क तुटलाय. त्याची बायको अजून त्याच घरात राहते, रुग्णालयापासून बसने चार थांबे. एवढंच." ते वाकले, आणि मायक्रोफोन आडवा न ठेवता नीट स्टँडमध्ये अडकवून खाली उतरले.

सेन्सेई हसले. "इतोहारा-सान होडीवरही असंच सरळ बोलतात," ते म्हणाले, आणि लोक सुटल्यासारखे हसले. टाळ्या झाल्या. फुलं झाली. एका शिष्याने गहिवरून भाषण केलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, सेन्सेई आणि इतोहारा शेजारी शेजारी, खाली "वैद्य आणि रुग्ण, बावीस वर्षांचं नातं." हारुयोने तो कापून ठेवला, असं नंतर कळलं. इतोहारा तिला म्हणाले म्हणे, निदान कोट तरी चांगला आलाय.

एवढ्यावर ते मिटलंही असतं. रुग्णालयांत अशा गोष्टी मिटवण्याचा उत्तम सराव असतो. पण किमिएने सोमवारी सकाळी आपला तक्ता नव्या प्रमुखांच्या टेबलावर ठेवला. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी नावांचा, सोबत सुदोंनी वाचलेल्या जुन्या फिल्मचे निष्कर्ष. जिथे मूळ वाहिनी खरोखर गच्च तुंबलेली होती, तिथे हातातली कलमं छान टिकली होती. जिथे ती निम्मीच अरुंद होती, तिथे निम्म्याहून अधिक कलमं मिटली होती. नव्या प्रमुखांना कात्सुबे सेन्सेईंविषयी फार प्रेम नव्हतं, हे या कामी उपयोगी पडलं. सत्याला बहुधा अशीच कुणाची तरी असूया ढकलत नेते. व्याख्यानाचा लेख वार्षिकात छापून यायचा होता, तो थांबला. नवा लेख आला तेव्हा त्यात एक्याण्णव नव्हतं. आणि हाताला चाकू लावण्याआधी हृदयाची वाहिनी किती अडली आहे ते दाब मोजून ठरवायचं, असा नियम झाला. कात्सुबे सेन्सेई तोवर मानद सल्लागार झाले होते. त्यांना त्यांचं पद, खोली आणि खोलीवर पितळी पाटी मिळाली. ते अजून सभांना जातात. आकडा सांगत नाहीत, एवढाच फरक.

एप्रिलमध्ये किमिएने त्या एकवीस जणांना बोलवायला सुरुवात केली. पहिल्या आल्या कादोवाकी फुसाको, वय अठ्ठ्याहत्तर. चहाबरोबरची मिठाई घडवणाऱ्या. बाई कसल्या, ताठ पट्टीच. बसल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

"वीस वर्षांनी आठवण झाली?"

"हो. उशीर झाला."

"झालाच." त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. "मी डावरी आहे. चाकू, चिमटा, गोळ्याला पाकळ्या पाडायची काडी, सगळं या हाताने. लिहिते तेवढं उजव्याने, शाळेत मारून शिकवलं. हा हात कापला आणि बोटांतली जाण गेली. मिठाईची शेवंती घडवता येईना. दुकान भाच्याला दिलं. मी इथे येऊन सांगितलं तर तुमचे सेन्सेई म्हणाले, जीव महत्त्वाचा की मिठाई. मग मी आले नाही."

किमिएने फाईल उघडली. संमतीच्या कागदावर एक ओळ होती: रुग्ण कोणता हात वापरतो. तिथे "उजवा" लिहिलं होतं. अक्षर सेन्सेईंचं नव्हतं. तरुण नर्सचं होतं, गोल, नीटनेटकं. समोर बाई उजव्या हाताने सही करत असताना तिने विचारायचे कष्ट घेतले नव्हते, बघून भरून टाकलं होतं.

"हे मी लिहिलंय," किमिए म्हणाली.

कादोवाकीबाईंनी चष्मा लावला, कागद जवळ ओढला आणि अक्षर नीट पाहिलं. मग किमिएकडे पाहिलं.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आता विचारा काय विचारायचंय ते. आणि या वेळी मी सांगेन तेच लिहा."

किमिएने पेन उचललं.